खेळणी अर्धी करायच्या आधी

पसारा आणि धावपळ कमी करून मुलांबरोबर जरा शांतपणे जगायचंय, वाचायला काय घ्यावं, असं विचारलंय. आवराआवरीची जी पुस्तकं सुचवली गेली ती ठीकच आहेत, पण ती कपाटापाशीच थांबतात.

मी किम जॉन पेन यांचं 'सिम्प्लिसिटी पेरेंटिंग' (२००९) आधी घ्या म्हणेन. घरातल्या वस्तू, दिवसाची लय, मुलांचं वेळापत्रक आणि मोठ्यांच्या जगातलं त्यांच्या कानावर काय पडू द्यायचं, असा चारही अंगांनी विचार आहे. खेळणी अर्धी करा, मग पुन्हा अर्धी करा, हे वाचून मला हसू आलं होतं. तरी एका रात्री लेक झोपल्यावर खोकं भरून माळ्यावर टाकलं. आठवडाभरात तिने चौकशी केली ती फक्त एका चाक तुटलेल्या ट्रकची! तो गुपचूप परत दिला.

मायला आणि जॉन कबाट-झिन यांचं 'एव्हरीडे ब्लेसिंग्ज' (१९९७) मात्र सलग वाचायच्या फंदात पडू नका, कंटाळाल. त्यातले सजगपणे मूल वाढवायचे बारा छोटे सराव तेवढे जरूर बघा. आपला दृष्टिकोन बाजूला ठेवून मुलाच्या नजरेने जग बघायचा सराव मला सगळ्यात जड गेला. रोज बूट घालायला लेक वीस मिनिटं लावायची. एकदा तिच्याशेजारी फतकल मारून बसले, तर नाडीच्या टोकाचं प्लास्टिक निघालेलं, नाडी भोकातून जातच नव्हती. आणि मी महिनाभर 'आटप आटप' करत होते.