घरगुती सीएनसीची फ्रेम: पाइप ५० मिमीचा घेऊ की १०० चा, आणि वेल्ड करू की बोल्ट?

सागवान_कोल्हापूर:
नमस्कार मंडळी. माझं देव्हारे आणि दारावरच्या कोरीव कामाचं छोटं वर्कशॉप आहे, कोरीव काम आतापर्यंत बाहेरून करून घेत होतो पण आता स्वतःचं सीएनसी राउटर (कॉम्प्युटरवर चालणारं कोरीव मशीन) बांधायचं नक्की केलंय. कामाची जागा ९०० बाय ६०० मिमी. मुख्य काम सागवान आणि एमडीएफ, मधूनमधून अ‍ॅल्युमिनियमच्या नेमप्लेट पण काढायच्यात. २.२ किलोवॅटचा वॉटर कूल्ड स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर), सरकण्यासाठी २० च्या एचजीआर रेल आणि सरकवण्यासाठी १६०५ चे बॉलस्क्रू घेऊन ठेवलेत. अडलंय ते फ्रेमपाशी. गॅन्ट्रीची, म्हणजे स्पिंडल धरणाऱ्या आडव्या तुळईची, लांबी साधारण ९०० मिमी होतेय. फॅब्रिकेटर म्हणतो ५० बाय ५० चा ३ मिमीचा चौकोनी पाइप पुष्कळ झाला, फारच वाटलं तर ६ मिमी जाडीचा घ्या. दुसरा एक जण म्हणतो १०० चं सी चॅनेल टाका, विषय संपला. वेल्डिंग मशीन घरी आहे, हात बरा आहे. काय करू? आणि वेल्डने फ्रेम वाकडी होते म्हणतात, मग बोल्टच लावू का?

भोसरी_जॉबवर्क:
दादा, जाडी वाढवू नका, पाइपाचा आकार वाढवा, सगळी गंमत तिथेच आहे. ५० बाय ५० बाय ३ चा पाइप मीटरला साधारण साडेचार किलो भरतो. तोच ६ मिमी जाडीचा घेतला तर वजन आठ किलोच्या पुढे जातं आणि ताठपणा मिळतो फक्त पावणेदोन पट. त्याऐवजी १०० बाय १०० बाय ३ घ्या, वजन नऊ किलोच्या आसपास आणि ताठपणा पहिल्याच्या जवळजवळ नऊ पट! १०० बाय १०० बाय ५ घेतला तर तेरा-चौदा पट. गॅन्ट्रीच्या मध्यावर २० किलोचा जोर आला असं धरा, ९०० लांबीचा ५० चा ३ मिमी पाइप तिथं ०.०७ मिमी वाकतो, १०० चा ५ मिमीवाला मिमीचा अर्धा शतांश. सागवानात ०.०७ कदाचित दिसणार नाही पण अ‍ॅल्युमिनियममध्ये कटर थरथरतो, कडेला लाटा उठतात आणि कार्बाइडचं टोक तुटतं.

चॅनेलचा विचार गॅन्ट्रीसाठी सोडून द्या. स्पिंडलचं टोक गॅन्ट्रीच्या खाली वीतभर लटकतं, त्यामुळे कटिंगचा जोर गॅन्ट्रीला नुसता वाकवत नाही तर पिळतो, आणि चॅनेलसारखं एका बाजूने उघडं सेक्शन पिळाला अगदीच कच्चं असतं. काड्यापेटीचं कवच चारी बाजूंनी बंद असतं तोवर पिळायला जड जातं, एक कड उभी चिरली की बोटांनी पिळतं, तसंच हे. १०० चं चॅनेल आणि १०० चा ५ मिमी पाइप यांत पिळाच्या बाबतीत शंभर पटीपेक्षा जास्त फरक आहे, ही अतिशयोक्ती नाही, हिशोब करून बघा. गॅन्ट्री कायम बंद सेक्शनचीच.

आणि गॅल्वनाइज्ड पाइप स्वस्तात मिळाला तरी वेल्डिंगला घेऊ नका, जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो. काळा पाइपच घ्या, आयएस ४९२३ चा.

नाशिक_मेकर:
मी वेगळं सांगतो. तुमचं काम ९० टक्के लाकडाचं आहे, मग इतका लोखंडी पसारा कशाला? अ‍ॅल्युमिनियमचं ४०८० एक्स्ट्रूजन (४० बाय ८० मिमीची खाचांची तयार पट्टी) घ्या, करवतीवर कापा, बोल्टने जोडा, रविवारात फ्रेम उभी. गुण्यात (काटकोनात) नसेल तर बोल्ट सैल करून परत बसवता येतं, वेल्डला ही सोय नाही. माझं वर्कशॉप दुसऱ्या मजल्यावर आहे, वेल्ड केलेली दीडशे किलोची फ्रेम जिन्यातून वर नेणार कोण?

भोसरी_जॉबवर्क:
जिन्याचा मुद्दा बरोबर आहे, तिथं बोल्टला पर्याय नाही, फक्त प्रत्येक जोडाला डॉवेल पिन (घट्ट बसणारी जागा धरणारी खुंटी) टाका म्हणजे खोलून परत जोडलं तरी जागा बदलत नाही. पण अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या एक तृतीयांश, तेवढ्याच ताठपणासाठी बराच मोठा सेक्शन लागतो आणि तो महाग पडतो. नुसत्या लाकडाला चालेल, नेमप्लेट आल्या की अडेल.

वेल्डने फ्रेम ओढली जाते हे खरंच आहे, कुणीही कितीही चांगला वेल्डर असो. फॅब्रिकेटरच्या लेखी अर्धा सूत (साधारण दीड मिमी) म्हणजे काहीच नाही आणि आपल्याला रेलखाली मिमीचे दोन-तीन शतांश पाहिजेत, म्हणून वेल्ड सरळ येईल या भरवशावर राहायचंच नाही. आधी सगळीकडे टाके मारा, दोन्ही कर्ण टेपने मोजा, मग समोरासमोर आळीपाळीने तुकड्या-तुकड्यात वेल्ड घ्या, मध्ये गार होऊ द्या. जिथं रेल बसणार तिथं ५० बाय १६ ची पट्टी वेल्ड करा. पूर्ण वेल्डिंग झाल्यावर प्लॅनोमिलरवर (मोठे भाग सपाट कापणाऱ्या मशीनवर) दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकाच सेटिंगमध्ये मारून घ्या, दीड-दोन मिमी निघालं तरी १४ उरतं, त्यात एम ५ चे आटे छान बसतात (२० च्या रेलला ६० मिमीवर एम ५ असतात, ३ मिमीच्या पाइपात ते धरणार नाहीत). एका पट्टीवर कडेला छोटी पायरी पण काढायला सांगा, रेल तिला दाबून बसवली की एक रेल सरळ झाली, दुसरी तिच्यावरून डायल (बारीक फरक मोजणारं घड्याळ) लावून जुळवायची. यानंतर फ्रेमवर वेल्डिंगचा एक ठिपकाही नको, केबल ट्रेचा ब्रॅकेट राहिला असला तरी बोल्टनेच.

सांगली_टर्नर:
भोसरीवाल्यांशी सहमत, एक भर घालतो. मशीनिंगला पाठवायच्या आधी जमलं तर स्ट्रेस रिलीव्हिंग (तापवून आतला ताण घालवणं) करा, नाहीतर वेल्डचा ताण आत राहतो आणि मशीनिंग केलं की पट्टी हळूहळू सरकते. ६०० डिग्रीच्या आसपास तापवून भट्टीतच सावकाश गार करतात. पण पाइपांची तोंडं बंद केली असतील तर प्रत्येक पाइपाला हवा जायला भोक ठेवाच, आत कोंडलेली हवा आणि ओल तापल्यावर पाइप फुटू शकतो, भट्टीवाला पण आधी हेच विचारेल.

आणि खालच्या बेसच्या पाइपात कोरडी वाळू ठोकून भरा. ताठपणा वाढत नाही पण थरथर मरते, कटिंगचा आवाजच बदलतो. वाळू कढईत भाजून घ्या, ओली राहिली तर पाइप आतून गंजेल. गॅन्ट्रीत मात्र वाळू नको, ते वजन मोटरला प्रत्येक वळणावर पळवायचंय. आणि अर्थात वाळू भट्टीनंतरच.

सागवान_कोल्हापूर:
खूप आभार, डोक्यातला गोंधळ बराच कमी झाला. १०० बाय १०० बाय ५ गॅन्ट्रीला आणि बेसला १०० बाय १०० बाय ३ असं धरतोय, पट्टीसकट. शिरोलीत प्लॅनोमिलर आहेत, विचारून येतो. पण समजा दर आवाक्याबाहेर गेला, तर ते इपॉक्सी ओतून लेव्हल करतात ते खरंच चालतं का?

सांगली_टर्नर:
चालतं, नीट केलं तर. पातळ आणि सावकाश सेट होणारं इपॉक्सी घ्या. फ्रेम पक्की टेकवून पाणसळीत आणा, दोन्ही पट्ट्यांभोवती बांध घाला आणि दोन्हींना जोडणारी आडवी नाळ ठेवा, म्हणजे पाण्यासारखं ते दोन्हीकडे एकाच पातळीला येतं, ही नाळ विसरलात तर दोन रेल दोन उंचीवर बसतील. थर सहा-आठ मिमीचा ठेवा. कडेला ते थोडं वर चढतं, म्हणून बांध पट्टीपेक्षा रुंद घालून ती कड नंतर कापून टाका. आटे खालच्या लोखंडातच पाडा, इपॉक्सीत नको.

फक्त आत्ता जुलैत ओतू नका. कोल्हापूरच्या पावसात हवेत इतकी ओल असते की वर चिकट मेणासारखा थर येतो. दिवाळीनंतर कोरडी हवा पडली की ओता, तोवर वेल्डिंग आणि गॅन्ट्रीच्या बाजूच्या प्लेटा उरकून घ्या. प्लेटा २० मिमीच्या खाली घेऊ नका, आणि दोन्ही एकमेकींवर क्लॅम्प करून भोकं एकदमच पाडा.