"पुनर्नियोजन म्हणजे काढणारच की, साहेब?"

शिरोलीकर:
शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, 14 वर्षं सुपरवायझर आहे. हँड मोल्डिंग, म्हणजे हातानं वाळू ठोकून साचे बनवणं, बंद होऊन मशीन येणार आहे. कुणालाही काढायचं नाही, हे मालकांनी मला समोर बसवून सांगितलंय. पण ऑफिसनं नोटीस लावली ती अशी: 'मनुष्यबळाचे पुनर्नियोजन व कार्यक्षमतावृद्धी'. जेवणाच्या सुट्टीत आमचे एक मामा, 30 वर्षं वाळू ठोकलेला माणूस, चष्मा कपाळावर सारून, बोर्डाला नाक लावून वाचत होते. वळून मला म्हणाले, "म्हणजे काढणारच की, साहेब?" त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. तेव्हापासून शॉपवर, म्हणजे कामाच्या जागी, कुणी धड बोलत नाही. नोटीस नव्यानं लिहायचं काम मी मागून घेतलंय. काय लिहू?

कागल_पंचतारांकित:
आमच्याकडं 'ऑटोमेशन' लिहिलं तेव्हा असंच झालं होतं. मग साधं लिहिलं: "मोल्ड उचलायचं काम आता मशीन करेल. ते काम करणाऱ्या चौघांना मशीन चालवायला शिकवू. शिकताना पगार पूर्ण." खाली चौघांची नावं. टपरीवरच्या अफवा आठवड्यात थांबल्या.

युनियनवाला:
साधं लिहा, पण गोड लिहू नका. 'स्वेच्छानिवृत्ती'तली स्वेच्छा कुणाची असते ते कामगाराला बरोबर कळतं. मोल्डर पीस रेटवर, म्हणजे नगामागे पैसे घेणारे, असतील तर मशीनवर गेल्यावर हातात किती पडणार, ते लिहा. आणि सेवाशर्ती बदलणार असाल तर 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, हे ऑफिसला सांगा.

एचआर_शिकवतो:
कॉच आणि फ्रेंच यांनी 1948 मध्ये अमेरिकेतल्या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यातला प्रयोग मांडला. ज्या गटाला बदल नुसता समजावून सांगितला, त्यातले 17 टक्के 40 दिवसांत काम सोडून गेले. जिथं सगळ्यांनी बसून नवी पद्धत ठरवली, तिथला एकही गेला नाही. तुमचा कागद मामांना शेजारी बसवून लिहा.

शिरोलीकर:
बसलो. मामांनी पहिली ओळ सांगितली: "कुणाचंही काम जाणार नाही." दुसरी: "गेल्या सहा महिन्यांची सरासरी कमाई धरून पगार ठरेल." ऑफिसनं पहिली ठेवली, दुसरी खोडली. दुसरी नसेल तर पहिलीवर शॉपमधलं कुणीही विश्वास ठेवणार नाही. उद्या सकाळी मामांना घेऊन मालकांकडं जातोय.