एचएफचा हायड्रोजन बाँड जास्त स्ट्राँग, मग पाणीच उशिरा का उकळतं?

अर्धवट_रसायन:
परीक्षा तोंडावर आलीये आणि मी इथेच अडकलोय. फ्लोरिन सगळ्यात इलेक्ट्रोनेगेटिव्ह (इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढणारा) म्हणून एचएफमधला (हायड्रोजन फ्लोराइड) हायड्रोजन बाँड, म्हणजे एका रेणूच्या हायड्रोजनची शेजारच्या रेणूशी ओढ, पाण्यातल्यापेक्षा तगडा, हे सगळीकडे लिहिलंय. मग एचएफ 19.5 डिग्रीला उकळतं आणि पाणी 100 ला, हे कसं काय? उलट पाहिजे ना? की पाण्यात ओ-एच बाँड दोन आहेत, ते तोडायला जास्त उष्णता लागते असं काही आहे?

ऋणभार:
ओ-एचचं आधी डोक्यातून काढून टाक बाबा. पाणी उकळताना तो बाँड तुटत नाही, तुटला असता तर वाफेऐवजी हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघाले असते. तो रेणूच्या आतला कोव्हॅलंट बाँड आहे (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेला), मोलला साधारण 463 किलोजूल, आणि पाण्यातला हायड्रोजन बाँड विशीच्या आसपास. उकळताना रेणू एकमेकांपासून सुटतात, बस.
आता मुख्य मुद्दा. तू एक बाँड किती तगडा ते बघतोयस, पण एका रेणूमागे किती बाँड बसतात ते मोजलंच नाहीस. पाण्याकडे दोन हायड्रोजन आणि दोन लोन पेअर (बाँडमध्ये न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या, हायड्रोजन त्यांनाच धरतो), हिशोब बरोब्बर जुळतो, म्हणून बर्फात प्रत्येक रेणू चार बाँडमध्ये अडकलेला असतो, प्रत्येक बाँड दोघांत वाटलेला धरला तर रेणूमागे दोन. एचएफकडे लोन पेअर तीन पण हायड्रोजन एकच, म्हणजे दोन पेअर नुसत्याच पडून, रेणूमागे एक बाँड. अमोनियाचं बरोबर उलटं, हायड्रोजन तीन आणि लोन पेअर एक, तिथेही अडतं आणि तो तर उणे 33 लाच उकळतो (त्याचा एकेक बाँडही कमजोर असतो म्हणा). पाण्याचं जाळं चारी बाजूंनी पसरतं, एचएफच्या मात्र नागमोडी साखळ्या होतात.

शून्याखाली:
वरचं बरोबर आहे पण अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं मला जास्त मजेशीर वाटतं. एचएफ उकळतं तेव्हा त्याचे सगळे हायड्रोजन बाँड तुटतच नाहीत. उत्कलनबिंदूजवळच्या वाफेत सुद्धा रेणू घोळक्याने फिरतात, सहा-सहाच्या कड्या वगैरे, म्हणजे जे बाँड वाफेतही टिकलेत त्यांची किंमत द्रवाला मोजावी लागतच नाही. आकडे बघा, पाण्याची बाष्पीभवनाची उष्णता मोलला 40.7 किलोजूल, एचएफची 8 पेक्षाही कमी. नुसती बाँडची संख्या निम्मी म्हणून एवढा फरक पडला नसता. पाण्याच्या वाफेत 100 डिग्रीला बहुतेक रेणू सुटेच असतात.

अर्धवट_रसायन:
ओके हे भारी आहे, वाफेकडे बघायचं असतं हे डोक्यातच नव्हतं. थँक्स दोघांनाही. अजून एक, क्लोरिन आणि नायट्रोजनची इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी जवळपास सारखी, 3 च्या आसपास, मग अमोनियात हायड्रोजन बाँड धरतात आणि एचसीएलमध्ये (हायड्रोजन क्लोराइड) का नाही?

ऋणभार:
साइज. क्लोरिनचा अणू मोठा, तोच ऋणभार जास्त जागेत पसरतो आणि हायड्रोजनला तितकं जवळही येता येत नाही. अगदी शून्य नसतो, नगण्य असतो, पेपरात 'नाही' लिहिलंस तरी चालतं.

मोकळा_इलेक्ट्रॉन:
एचसीएल निघालंच आहे तर पुढचे दोघेही बघून घे, परीक्षेत हमखास गंडवतात. उत्कलनबिंदू एचसीएल उणे 85, एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड) उणे 67, एचआय (हायड्रोजन आयोडाइड) उणे 35, म्हणजे चढतेत. आणि ध्रुवीयता? ती उतरतेय, 1.08 डिबायवरून (ध्रुवीयता मोजायचं एकक) एचआयमध्ये जेमतेम 0.4 वर. मग डायपोलने (रेणूच्या धन-ऋण टोकांच्या ओढीने) समजावणार कसं? नाहीच समजावता येत. इलेक्ट्रॉन 18, 36, 54 असे वाढतात, ढग मोठा आणि सैल होतो, पटकन विकृत होतो आणि लंडन फोर्सच (इलेक्ट्रॉन ढग क्षणभर सरकल्याने होणारी ओढ) डायपोलला मागे टाकतो. 'लंडन फोर्स सगळ्यात कमजोर' हे पाठ केलेलं वाक्य फक्त साधारण सारख्या साइजच्या रेणूंपुरतं धर. आयोडिनमध्ये ना डायपोल ना हायड्रोजन बाँड, तरी साध्या तापमानाला घन असतं.

अर्धवट_रसायन:
मग ऑर्थो-नायट्रोफिनॉल 45 ला वितळतं आणि पॅरा 114 ला, दोघांत हायड्रोजन बाँड असून?

शून्याखाली:
ऑर्थोत ओएच आणि नायट्रो शेजारी, त्यामुळे बाँड रेणूच्या आतल्या आतच होतो, शेजारच्या रेणूला धरायला काही उरत नाही. पॅरात दोन्ही गट समोरासमोरच्या टोकांना, मग बाँड बाहेरच्याशीच करावा लागतो. ऑर्थो वाफेसोबत उडून वेगळं करता येतं ते त्यामुळेच.