आकेशियाखाली मूळची झाडे उगवत आहेत. आकेशिया तोडावा का?

प्रश्न: संगमेश्वर तालुक्यात आमची वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन आहे. वडिलांनी एका भागात ऑस्ट्रेलियन आकेशिया लावला होता. दुसऱ्या भागातले रान दहा वर्षांपूर्वी जेसीबीने साफ करून आम्ही काजूची कलमे लावली. आता आकेशियाखालचा पातेरा (गळलेल्या पानांचा थर) हाताने बाजूला केला, तर अंजनी आणि रातांब्याची (कोकमाची) वीतभर रोपे दिसतात. काजूत मात्र गवत आणि रानमोडी हे झुडपी तणच आहे. परदेशी झाडाखाली जंगल यावे आणि आपल्या काजूखाली येऊ नये, असे का? आकेशिया एकदम तोडला तर चालेल का?

उत्तर १: काजूही ब्राझीलचाच, पोर्तुगीजांनी आणलेला, तेव्हा देशी-परदेशी हा मुद्दा येथे फारसा लागू होत नाही. खरा फरक जमिनीला काय केले यात आहे. ऐन, किंजळ, अंजनी ही झाडे तोडली तरी खुंटातून पुन्हा फुटतात, पण जेसीबीने खुंट मुळासकट उपटले की ती वाट कायमची बंद होते. जांभूळ, रातांबा यांचे बी फार काळ जिवंत राहत नसल्यामुळे मातीत जुना साठा उरत नाही. ते दरवर्षी पाखरांनी, वटवाघळांनी, उदमांजरांनी नव्याने आणावे लागते. काजूत जे थोडे उगवते तेही दरवर्षीच्या बेणणीत (तण काढताना) कापले जाते.

उत्तर २: वरील म्हणणे मान्य आहे, पण आकेशियाला एवढे श्रेय देऊ नये. त्याची चिवट पाने लवकर कुजत नाहीत, आणि त्या थरावर पडलेल्या बारीक बियांचे मूळ मातीपर्यंत पोहोचण्याआधीच सुकते. आपल्याकडे रोपे आली, याचे कारण शेजारी जुने रान असावे. ते नसेल तर याच झाडांखाली वर्षानुवर्षे शुकशुकाट असतो.

प्रश्नकर्ता: बरोबर आहे, बांधापलीकडे देवराई आहे.

उत्तर ३: मग सगळे एकदम मुळीच तोडू नका. आकेशियाचे बी टणक कवचाचे असल्याने वर्षानुवर्षे टिकते, आणि जमीन उघडी पडून ऊन लागले, किंवा वणवा गेला, की दाट उगवते. त्याच उन्हात रानमोडीही माजते. देवराईकडच्या बाजूने दरवर्षी थोडी झाडे काढा, खोडे ओढताना रोपे चिरडणार नाहीत याकडे लक्ष द्या, आणि आकेशियाची नवी रोपे पावसाळ्यात माती ओली असतानाच उपटा. पातेरा तरव्याच्या भाजणीसाठी (भाताची रोपे करायची जमीन भाजायला) नेत असाल, तर सगळा खरवडून नेऊ नका, कारण रोपे त्याबरोबरच निघतात.