सल्ला हवा: मुलांसाठी कोरडे पेस्टल आणि कागदभर एकच फूल

रानजाई:
सोसायटीतल्या मुलांना (वय ७ ते ११) रविवारी चित्रकला शिकवते. अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफ काढायची तसं एकच फूल, अगदी जवळून, पाकळ्या कागदाच्या चारही कडांबाहेर गेलेल्या, असं काढून घ्यायचंय. खडूसारखे कोरडे पेस्टल कुठले घेऊ? फूल कुठलं? बजेट सगळं मिळून ५०० रुपये.

पेठकर:
ऑईल पेस्टल घ्या. माझ्या मुलाने त्यावरच एलिमेंट्रीच्या चित्रकला परीक्षेला ए ग्रेड काढली.

रानजाई:
ऑईल नकोत. बोटाने पसरवून छटा आणायची आहे.

चित्रवेडी:
फॅबर कॅस्टेलचा ४८ रंगांचा सॉफ्ट पेस्टलचा डबा घ्या, मी तोच वापरते. महाग आहे, पण मुलांच्या बाबतीत काटकसर नको. वर फिक्सेटिव्ह (रंगाची भुकटी झडू नये म्हणून मारायचा फवारा) लागेलच.

सुमाआजी:
जास्वंद घ्या. मधल्या दांड्याच्या टोकाला पाच बारीक गोंडे असतात, ते भिंगातून दाखवा. मग मुलं ठरावीक पाच पाकळ्यांचं फूल काढत नाहीत.

खडूवाला:
डब्यापेक्षा कागद बघा. झेरॉक्सच्या कागदावर भुकटी ठरत नाही. काळं कार्डशीट घ्या, खरखरीत असेल ते. फेविकॉलने बाह्यरेषा काढून रात्रभर वाळू द्या, मध्ये रंग भरा. रेघ काळीच राहते. भुकटी फुंकू देऊ नका, कागद उभा धरून मागून टिचकी मारायची.

पेठकर:
फेविकॉल म्हणजे क्राफ्ट झालं. रेघ हातातून यायला हवी. एलिमेंट्रीत हे चालत नाही.

खडूवाला:
सात वर्षांच्या पोराला कुठे एलिमेंट्रीला बसायचंय?

दुबईकर:
ओकीफच्या धोतऱ्याच्या चित्राला २०१४ च्या लिलावात ४.४४ कोटी डॉलर आले. धोतराच घ्या.

सुमाआजी:
अहो, धोतरा विषारी! मुलांचे हात तोंडात जातात. जास्वंदच घ्या.

नीलमोहर:
मला दुकानदाराने सॉफ्ट म्हणून ऑईल पेस्टलच बांधून दिले, परत घेईना. कांडी बोटावर घासून बघा. भुकटी सुटली तरच पैसे द्या. आणि हो, कागद काळाच घ्या.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. १२ कांड्यांचा साधा डबा घेतला, घासून बघूनच. पिवळ्या, नारिंगी, पांढऱ्या सुट्या कांड्या वेगळ्या. कार्डशीट काळंच. काळ्यावर पिवळा मळकट दिसतो, म्हणून खाली पांढरा घासून घेणार. फेविकॉल नको, फिक्सेटिव्हही नको. फूल मात्र भोपळ्याचं. गच्चीवर वेल फुललाय. ते सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, म्हणून वर्ग सातलाच ठेवलाय.

सुमाआजी:
भोपळ्याचं का होईना. पण लांब देठाची नर फुलंच तोडा, नाहीतर भोपळे धरणार नाहीत. उरलेल्यांची भजी करा.