मदत हवी आहे: ॲम्बेसेडरच्या डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हलतो, बुश बदलावेत का?

सप्रेम नमस्कार. दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी वडिलांच्या काळातील १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाची ॲम्बेसेडर आहे. रिकाम्या गाडीत इंजिन शांत चालते. पण चढावर, विशेषतः इंजिन तापल्यावर, ते मिसिंग करू लागते, म्हणजे मधूनमधून ठिणगी चुकून झटके देते.

डिस्ट्रिब्युटरमधील (स्पार्क प्लगना क्रमाने वीज वाटून देणारा भाग) पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क), कंडेन्सर आणि रोटर नवे टाकून झाले. फीलर गेजने पॉइंटमधील अंतर १५ थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) ठेवले, तरी कॅमच्या चारही उंचवट्यांवर ते सारखे येत नाही. एकावर १५, तर समोरच्यावर थेट १९. रोटर काढून शाफ्ट बोटांनी आडवा हलवला की पॉइंट डोळ्यांदेखत उघडतात आणि मिटतात, त्यामुळे दोष बुशच्या (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळकांडीच्या) झिजेत असावा, असे मला वाटते. टायमिंग आपोआप पुढे नेणाऱ्या व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून पाहिली, तेव्हा पॉइंटची प्लेट फिरली आणि ओढ धरून ठेवेपर्यंत तिथेच राहिली, म्हणजे डायफ्राम शाबूत आहे.

गावचे मिस्त्री केवळ टायमिंग पुढे-मागे करून देतात, ज्याने झिजलेला शाफ्ट सरळ होणार नाही.

यवतमाळ किंवा अमरावती परिसरात असे बुश लेथवर नेमके बसवून देणारा कारागीर कोणास ठाऊक आहे काय? बुश पितळी घ्यावेत की तेल शोषणारे? शिवाय शाफ्टच्या खालच्या टोकाचा डॉग (इंजिनाकडून फिरणारा जोड) काढताना त्याची दिशा खुणेने कशी जपावी, हेही कृपया सांगावे. तो उलटा बसला तर रोटर अर्धा फेरा चुकेल, ही धास्ती आहे. पॉइंटऐवजी बसवायचा इलेक्ट्रॉनिक संच मात्र मला नको.