मदत हवी आहे: ऑफिसच्या मशीन्सवरचे जुने इन्स्टॉलर आपोआप कसे उडवायचे?

सगळी मशीन्स विंडोज ११, इंट्यूनवर (मायक्रोसॉफ्टची मशीन्स दुरून सांभाळायची सेवा). लोकांच्या डाउनलोड्समध्ये एमएसआय आणि ईएक्सई इन्स्टॉलर साचून सी ड्राइव्ह भरतोय. ३० दिवसांपेक्षा जुन्या फायली काढणारी पॉवरशेल स्क्रिप्ट रेमेडिएशनमधून (इंट्यूनची आधी तपासून मग दुरुस्ती करणारी सोय) सोडली. रिपोर्टमध्ये एरर नाही, पण एकही फाईल हललेली नाही. हीच स्क्रिप्ट लॉगिन करून हाताने चालवली की व्यवस्थित चालते. शिवाय विंडोज फोल्डरमधलं 'इन्स्टॉलर' फोल्डर २० जीबीच्या वर गेलंय. तेही यातच साफ करू का?

प्रतिसाद १
स्क्रिप्टमध्ये यूझरप्रोफाइल व्हेरिएबल (स्क्रिप्ट ज्या खात्याखाली चालते त्याच्या फोल्डरचा पत्ता) आहे ना? तिथेच गोम आहे. रेमेडिएशन विंडोजच्या स्वतःच्या सिस्टम खात्याखाली चालतं आणि त्या खात्याचं प्रोफाइल विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरच्या आत असतं. तिथे लोकांच्या फायली कुठून येणार? सी ड्राइव्हवरच्या यूझर्समधली प्रोफाइलं एकेक करून तपासा, पब्लिक आणि डीफॉल्ट वगळून. डिटेक्शन स्क्रिप्टही (साफसफाईची गरज आहे का ते आधी तपासणारी) याच पद्धतीने लिहा. जुनी फाईल सापडली तर एक्झिट कोड १ द्यायचा. ० दिला तर साफसफाईची स्क्रिप्ट सुरूच होत नाही.

प्रतिसाद २
'इन्स्टॉलर' फोल्डरला हात लावू नका! तो कचरा नाही. रिपेअर, अनइन्स्टॉल आणि पॅच लावताना विंडोजला तिथलेच एमएसआय, एमएसपी (पॅचच्या फायली) लागतात. आज उडवलं तर आज काहीच कळणार नाही. पुढचा अपडेट आला की १६१२ एरर, म्हणजे मूळ इन्स्टॉलर सापडत नाही. मग त्याच आवृत्तीचा एमएसआय शोधत बसायचं.

धागाकर्ता
प्रोफाइलचंच होतं, आता फायली सापडतायत. ३० दिवस मोजायला लास्ट ॲक्सेस (फाईल शेवटची उघडल्याची वेळ) घेतला तर चालेल?

प्रतिसाद १
नको. बऱ्याच मशीन्सवर ती नोंद बंद असते, आणि चालू असली तरी अँटिव्हायरस किंवा इंडेक्सिंगने ती बदलू शकते. नुसता लास्ट राइटही (फाईल शेवटची बदलल्याची वेळ) फसवतो: पेनड्राइव्हवरून आज कॉपी केलेल्या फाईलवर तारीख जुनीच राहते, क्रिएशन टाइम मात्र आजचा पडतो. दोन्ही तारखा ३० दिवसांपलीकडे असतील तरच काढा.

आणि पहिल्या फेरीत रिमूव्ह-आयटम या फाईल काढणाऱ्या कमांडला व्हॉटइफ (काही न काढता काय काढलं जाईल ते दाखवणारा पर्याय) लावून नुसती यादी लॉगमध्ये घ्या. ही कमांड रिसायकल बिनमध्ये काही ठेवत नाही. एखाद्याने लायसन्सवाल्या जुन्या सॉफ्टवेअरचा एकुलता एक सेटअप डाउनलोड्समध्येच ठेवलेला असतो, तो यादीत आधी दिसू दे.